रोजचा हयातीचा दाखला

कर्णिका हे जहाज आता कुठल्याच पाण्यात नाही. १९९० साली इटलीत बांधलं तेव्हा ते ‘क्राउन प्रिन्सेस’ होतं, पुढे ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युवेल’ झालं आणि एप्रिल २०१९पासून ‘जलेश’ कंपनीच्या नावाखाली मुंबईहून गोव्याच्या फेऱ्या मारू लागलं. वर्ष भरायच्या आत कोविड आला. ऑक्टोबर २०२०मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला आणि पुढच्याच महिन्यात ते सत्तर हजार टनी धूड भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला चढवलं. जहाज गेलं, कंपनी गेली. त्यावर तीन दिवस एकत्र जेवलेल्या उपनगरांतल्या पंचवीस-तीस माणसांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र अजून पहाटेपासून वाजत असतो. ग्रुपचं नावही त्या जहाजाचंच.

माझी थोरली काकू त्या ग्रुपात आहे. मुलुंड पूर्वेला एकटी राहते, वय सत्तरीच्या पुढे, मुलगा न्यू जर्सीला. थोरले काका गेल्यावर कुणीतरी आग्रह केला म्हणून ती त्या सहलीला गेली होती. धाकटे काका घाटकोपरचे, पंतनगरातले. उभी नोकरी पोर्ट ट्रस्टमध्ये, टॅली क्लार्क म्हणून लागले ते निवृत्तीपर्यंत गोदीतच. जहाज ही वस्तू मजेसाठी असते, हे त्यांना मुळातच मान्य नाही. गौरीजेवणाला दोघं समोरासमोर बसले, पानं वाढून झाली आणि काकूचा फोन तीनदा टुंगटुंगला. तिथून जे सुरू झालं ते पुरणपोळी संपली तरी संपलं नाही. मी मधे फारसं बोललो नाही. जे ऐकलं ते लिहितो आहे. थोडं माझं मतही येईल.

काका: वहिनी, तो फोन जरा पालथा घाला. आणि हे ‘हजर, हजर’ काय चाललंय? शाळा भरते का?

काकू: भरते. सकाळी आठला. आठच्या आत प्रत्येकानं काहीतरी टाकायचं. कुणी ‘हजर’ लिहितं, कुणी ‘जय जिनेंद्र’, अंधेरीचे एक मद्रासी गृहस्थ नुसता कॉफीचा कप टाकतात. साडेनवापर्यंत ज्याचं काही आलं नाही त्याला त्याचा जोडीदार फोन करतो. दोनदा उचलला नाही तर शेजारी, वॉचमन, सेक्रेटरी. प्रत्येकाचे तीन नंबर यादीत आहेत.

काका: आणि उरलेला दिवस गुलाबाची फुलं.

काकू: फुलं पाठवणारे दोघं आहेत, ते आहेतच. तुमच्या पोर्टाच्या पेन्शनरांच्या ग्रुपात काय येतं?

काका: महागाई भत्ता.

काकू: मग आमची फुलं बरी. ती दर सहा महिन्यांनी वाढवून मागत नाहीत.

काका: थट्टा सोडा. तीन दिवस बोटीवर बुफेच्या रांगेत ओळख झाली, त्याला तुम्ही मैत्री म्हणता? आम्ही लहानपणी देवगडला बोटीनं जायचो. भाऊच्या धक्क्यावरून निघायची बोट, वळकटी टाकून डेकवर जागा धरायची. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग. बंदर आलं की बोट लांब उभी राहायची आणि पडावात उड्या टाकायच्या. लाट वर आली की पडाव वर, त्याच क्षणी पाऊल टाकायचं. माझ्या आईला, म्हणजे तुमच्या सासूबाईंना, कुणी हात दिला? ज्याचं पहिलं नावही ठाऊक नव्हतं अशा माणसानं. पण त्याचा गाव ठाऊक होता. आडनावावरून घर कळायचं. तो गिरणगावात आमच्याच गावकीच्या खोलीत झोपायचा, पगारातले पैसे आमच्याच हाती गावाला धाडायचा. त्या बोटीवरची ओळख बोटीच्या आधीची होती आणि बोटीनंतरचीही. तुमची क्रूझ म्हणजे, पैसे भरले तेवढे दिवस सगळे गोड.

(इथे काकांचं एक खरं आहे. चाकरमान्यांच्या त्या बोटी ऐंशीच्या दशकात बंद पडल्या, १९९८ला कोकण रेल्वे सुरू झाली, आणि डेकवर वळकटी शेजारी टाकून रात्र काढण्याची ती सक्तीची जवळीक गेली. पण ती सक्तीचीच होती. जातीनं, गावानं, गरजेनं बांधलेली. त्या डेकवर आपल्या बाजूला कोण झोपणार हे आजीनं निवडलं नव्हतं.)

काकू: सासूबाईंना हात दिला त्या माणसाचं पुढे काय झालं?

काका: म्हणजे?

काकू: गिरण्या बंद पडल्यावर. तो कुठे गेला, जगला का, कधी गेला?

काका: ते… गावाला गेला असेल.

काकू: असेल.

काका: तेव्हा फोन नव्हते, वहिनी.

काकू: तेच म्हणतेय. आणि क्रूझवर सगळे गोड होते हेही खोटं. दुसऱ्या रात्री मला बोट लागली. अशी लागली, की केबिनच्या बाथरूममधून उठवेना. बरोबरच्या बाईनं दार उघडं ठेवून बाहेर हाक मारली, तर समोरच्या केबिनमधल्या अंधेरीच्या बाई आल्या. निवृत्त नर्स. त्यांनी रात्रभर डोक्याशी बसून लिंबू हुंगवलं, पाय चोळले, आणि सकाळी मला दम देऊन कोरडा टोस्ट खायला लावला. गोव्याचा किनारा मी पाहिलाच नाही. बाकीचे फोटो काढत होते, आम्ही दोघी डेकवर खुर्च्या टाकून आपापल्या नवऱ्यांबद्दल बोलत होतो. दोघीही वर्षभरापूर्वी एकट्या पडलेल्या.

काका: मग त्या एका बाईंशी मैत्री ठेवा. त्या तीस जणांचं काय काम?

काकू: त्या अंधेरीला, मी मुलुंडला. भेटायचं कसं ते सांगा.

काका: घाटकोपरला उतरून मेट्रो. आमच्या स्टेशनातूनच सुटते.

काकू: गुडघे बदलायचे राहिलेत, भावोजी. मुलुंडचा जिना चढा, घाटकोपरचा पूल चढा, ती गर्दी. आणि बोरिवलीला जायचं तर गुंदवलीला दुसरी मेट्रो. पूर्वी म्हणे दादरला जाऊन उलटं यायचं. मधे ते नॅशनल पार्कचं जंगल पडलंय, आम्ही ह्या अंगाला, ते त्या अंगाला. बिबट्या रात्रीत जातो, आम्हाला अर्धा दिवस लागतो.

काकूनं बोट ठेवलं ते बरोबर जागी. मुंबईची उपनगरं नकाशावर शेजारी दिसतात, पण रेल्वेच्या दोन लायनींनी ती उभी चिरली आहेत. मुलुंड आणि घाटकोपर मध्य रेल्वेचे, अंधेरी आणि बोरिवली पश्चिमेचे. २०१४ला वर्सोवा–घाटकोपर मेट्रो झाली तेव्हा कुठे ही दोन अंगं मधे एका जागी नीट जोडली गेली. पंचविशीतल्या माणसाला त्याचं काही नाही. पंचाहत्तरीतल्या माणसाची मुंबई मात्र दर वर्षी आकसत जाते. आधी दादर सुटतं, मग स्टेशन सुटतं, मग समोरचा रस्ता ओलांडून मिळणारी भाजी. अशा माणसाला तुम्ही फोनवरची ओळख खरी नाही म्हणालात, तर त्याच्याजवळ दुसरी कुठली उरते, हा प्रश्न काकांनी टाळला. त्यांनी मोर्चा दुसरीकडे वळवला.

काका: बरं, ठीक. तुमची ती हजेरी. एक तरी माणूस वाचला का तिच्यामुळे?

काकू: बोरिवलीचे मास्तर. मागच्या थंडीत. पावणेदहा वाजले तरी हजेरी नाही. त्यांचे जोडीदार घाटकोपरचे शहाभाई, त्यांनी फोन केला, उचलला नाही. परत केला. मग वॉचमनला लावला. वॉचमन वर गेला तर आतून नळाचा आवाज, हाकेला ओ नाही. दार फोडलं. मास्तर बाथरूममध्ये पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं, पहाटे पाचपासून गार लादीवर.

काका: दार कुणी फोडलं?

काकू: वॉचमननं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं.

काका: स्ट्रेचर कुणी धरलं?

काकू: त्यांनीच.

काका: हॉस्पिटलात डिपॉझिट?

काकू: त्या मुलाच्या वडलांनी भरलं. मास्तरांच्या मुलीनं संध्याकाळी दिलं.

काका: मग! तुमचा ग्रुप घाटकोपरात आणि मुलुंडात बसून ‘काळजी घ्या’ लिहीत होता. हात जोडल्याची चित्रं. माणसाला उचलायला हात लागतात, वहिनी, हाताचं चित्र नाही. सत्तेचाळीस साली ‘रामदास’ बोट बुडाली. आषाढी अमावास्या, सतरा जुलै, रेवसला निघालेली. सहाशेच्यावर माणसं गेली. जी वाचली ती कुणी वाचवली? रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी. मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. मासळी समुद्रात ओतली आणि होड्यांत माणसं भरली. त्या दिवसाची कमाई पाण्यात. त्याला म्हणतात आधार.

काकू: आणि मुंबईला कधी कळलं?

काका: काय?

काकू: रामदास बुडाल्याचं. तुम्हीच सांगत असता दर गटारीला.

काका: …दुपारी. सकाळी बुडाली, बोटीवर वायरलेस नव्हता. एक पोरगा तरंगत तरंगत इकडच्या किनाऱ्याला लागला तेव्हा शहराला पत्ता लागला.

काकू: झालं तर. कोळी तिथे होते म्हणून थोडे तरी वाचले. ते मासळी घेऊन दुसऱ्या वाटेनं गेले असते तर? अख्खी बोट पाण्याखाली, आणि धक्क्यावर कुणाला काही ठाऊक नाही, कारण ‘पोचलो’ म्हणून कळवायची सोयच नव्हती. वॉचमन खाली होता, भावोजी. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा वर होता. त्यांचे हात पाच वाजल्यापासून जागेवर होते. मास्तर पडलेत हे त्यांना कुणी सांगितलं?

काकांनी मठ्ठ्याचा पेला उचलला आणि बराच वेळ ठेवला नाही. रामदासचा दाखला उलटेल हे त्यांना वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं. पण मला त्यात काकूचा विजय दिसला नाही. त्या बोटीच्या कथेत दोन वेगळ्या उणिवा आहेत: जिथे हात होते तिथवर बातमी पोचली नाही, आणि जिथे बातमी पोचली तिथे वेळ उरला नव्हता. ग्रुप पहिली उणीव भरतो. दुसरी भरायला बोरिवलीचा वॉचमनच लागतो, आणि त्या वॉचमनला महिन्याला काय मिळतं, तो एजन्सीचा माणूस दर वर्षी बदलतो का, याचा विचार ग्रुपात कुणी करताना मी पाहिलेला नाही.

काका: शेजारी पाहिजेत, मी हेच म्हणतोय. पंतनगरात आमच्या बिल्डिंगमध्ये दार लोटलेलं असायचं. कडी नाही.

काकू: असायचं. आता कुठे आहे बिल्डिंग?

काका: पुनर्विकासाला गेलीय. तीन वर्षं म्हणाले होते.

काकू: आणि शेजारी?

काका: जोशी डोंबिवलीला भाड्यानं. परब मुलाकडे विरारला. सावंत गावाला गेले, ते परत येतील असं वाटत नाही.

काकू: तुमचा बोलायचा नाद कसा भागतो मग?

काका: जोशांशी फोनवर बोलतो.

काकू: रोज?

काका: …रोज. संध्याकाळी सातला.

काकू हसली नाही, हे तिचं मोठेपण. मी हसलो.

काका: जोशी चाळीस वर्षांचे शेजारी आहेत! त्याची आणि तुमच्या क्रूझची बरोबरी करू नका. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी उष्टी काढलीत.

काकू: नाही करत. पण पुढच्या वर्षी एकवीस मजली टॉवर होईल. त्यात नवे शेजारी येतील. त्यांच्या दाराला कॅमेरा असेल, आणि गेटवर अ‍ॅपमधून परवानगी मिळाल्याशिवाय मला वर सोडणार नाहीत. त्यांच्याशी चाळीस वर्षं काढायला तुमच्याकडे चाळीस वर्षं आहेत?

असं काकू एकदम बोलते. तिनं शाळेत गणित शिकवलेलं आहे.

मग कोविडचा विषय निघाला, निघणारच होता. कर्णिका मुंबई बंदरात रिकामी उभी होती आणि तिचे जुने प्रवासी आपापल्या खोल्यांत. ग्रुपातल्या हजेरीची पद्धत तेव्हाची. पालिकेनं चोवीस वॉर्डांत वॉर रूम काढल्या होत्या. कुठल्या वॉर्डाचा नंबर लागतो, कुठला लागत नाही, हे ग्रुपात रोज कळायचं. मुलुंडचा टी वॉर्ड, घाटकोपरचा एन, बोरिवलीचा आर मध्य, ही अक्षरं काकूला तेव्हा पाठ झाली. मार्च २०२१मध्ये साठीपुढच्यांची लस सुरू झाली तेव्हा कोविनवर नाव घालायला ग्रुपातल्या एका नातवाला बसवलं होतं. तो पोरगा बारावीचा अभ्यास सोडून सगळ्या आजी-आजोबांचे आधार नंबर टिपत होता. त्या लाटेत ग्रुपातले दोघं गेले. त्यांच्या डीपी अजून यादीत आहेत. काढायचं कुणी म्हणत नाही.

काका: गेले तेव्हा किती जण गेले होते पोचवायला?

काकू: तेव्हा पोरांनाही जाऊ देत नव्हते.

काका: नंतर? तेराव्याला?

काकू: नाही गेलो. फोनवर बोललो त्यांच्या बायकोशी. अजून बोलतो. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते: काही जण नुसतं ‘ॐ शांती’ टाकून पुढच्या मिनिटाला ढोकळ्याचा फोटो टाकतात. मला राग येतो. निवडणुकीत तर असे भांडले की चार जण निघून गेले. एकाला आम्हीच काढला, शेअर्सची कसलीशी स्कीम विकत होता. सगळे सोन्याचे आहेत असं मी म्हटलंच नाही.

काका: उद्या दुसरा येईल स्कीम घेऊन. म्हातारी माणसं एका जागी गोळा झाली की चोरांना पत्ता शोधायला लागत नाही.

काकू: एकट्या माणसाचा पत्ता त्यांना जास्त आवडतो. ग्रुपातल्या एका बेनला फोन आला. सीबीआयचा म्हणे. तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, कॅमेरा चालू ठेवा, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. बाई रात्रभर कॅमेऱ्यासमोर बसून. सकाळी त्या पोलिसाला विचारून विचारून हजेरी लावली. पण रोज ‘जय जिनेंद्र’ लिहिणारी बाई नुसतं इंग्रजीत ‘प्रेझेंट’ लिहून मोकळी. त्यांच्या जोडीदारणीच्या डोक्यात किडा वळवळला. फोन लावला, तो कट झाला. परत लावला, परत कट. मग तिनं त्यांच्या जावेला लावला. जाऊ खालच्याच मजल्यावर राहते, भावोजी! एका बिल्डिंगमध्ये. तिला पत्ता नव्हता. ती वर गेली, फोन ओढून घेतला, १९३० लावला. बँकेतून पैसे जायचे होते, ते राहिले.

पोलीस ‘डिजिटल अरेस्ट’ असं कुणालाही करत नाहीत, कायद्यात असं काही नाहीच. हे सांगणाऱ्या जाहिराती टीव्हीवर, फोनच्या कॉलर ट्यूनच्या जागीसुद्धा वाजल्या. त्या ऐकूनही लोक फसले, कारण त्या गुन्ह्याची पहिली अट ‘कुणाला सांगू नका’ अशी असते आणि ज्याला सांगायला कुणी नसतं त्याला ती पाळणं अवघड जात नाही. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४पासून तो बोटाच्या ठशावर घरबसल्या निघतो, आणि ठसे झिजलेल्यांसाठी आता चेहऱ्यावरही. सरकारला माणूस जिवंत असल्याची खात्री वर्षातून एकदा पुरते. काकूच्या ग्रुपाला रोज लागते, आणि दाखल्याचा सूर बदलला तरी त्यांना कळतं.

मी जपानची गोष्ट काढली. तिथे २००१मध्ये झोजिरुशी कंपनीनं चहाच्या पाण्याची एक विजेची किटली काढली. म्हाताऱ्या आईनं गावी किटली वापरली की शहरातल्या मुलाला कळतं. दिवसभर वापरलीच नाही, तर तेही कळतं.

काका: ही किटली बरी. ती फॉरवर्ड तरी पाठवत नाही.

काकू: पण तिला ‘आज चहा कडू झाला’ म्हणून सांगता येत नाही. आणि मुलाला किटलीवरून कळेल आई उठली एवढं. रडून उठली की हसून, हे कसं कळेल?

काका: ते मुलाला फोन करून सांगावं.

काकू: मुलाला नाही सांगता येत, भावोजी. आणि तुम्हालाही नाही.

काका: मला काय नाही सांगता येत?

इथे काकू जरा थांबली. मग सांगून टाकलं. फेब्रुवारीत तिला काखेत गाठ लागली होती. बायोप्सी झाली. अंधेरीच्या नर्सबाई रिक्षानं जोगेश्वरी–विक्रोळी रस्त्यानं मुलुंडला आल्या, दोन रात्री राहिल्या. आदल्या संध्याकाळी काकूनं ग्रुपात एवढंच लिहिलं होतं, ‘उद्या एक तपासणी आहे.’ कुणी कसली म्हणून विचारलं नाही. रिपोर्ट चांगला आला. घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

काका: मला कळवलं नाहीत.

काकू: नाही.

काका: मुलुंड–घाटकोपर. स्लो लोकलनंसुद्धा वीस मिनिटं. आणि तुम्ही क्रूझवरच्या बाईंना अंधेरीहून बोलावलंत.

काकू: तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रात्रीच आला असतात. पोराला न्यू जर्सीला फोन गेला असता. तो तिकडून तिकीट काढून निघाला असता, सूनबाईची रजा, नातवाची शाळा. नणंदबाईंनी नवस बोलला असता. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे दुसरं मत, तिसरं मत. हरभऱ्याएवढी गाठ आणि सगळं घर डोक्यावर. मला त्या आठवड्यात सगळ्यांना धीर द्यायची ताकद नव्हती.

काका: म्हणजे आपली माणसं ओझं झाली.

काकू: आपली माणसं आपली असतात, म्हणूनच त्यांच्यासमोर घाबरता येत नाही. ती आपल्याहून जास्त घाबरतात. नर्सबाईंसमोर मी रडले. त्यांनी चहा केला आणि टीव्ही लावला.

काका: मी चहा केला नसता?

काकू: केला असता. आणि सोबत भाषण.

याला काकांकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं भाषण आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तरी मला त्या क्षणी त्यांची बाजू जड वाटली. परक्याला सांगणं सोपं असतं ते परक्याला त्याची झळ कमी लागते म्हणून. पण रिपोर्ट वाईट आला असता तर? सहा महिने केमोच्या चकरा, रात्री-अपरात्री उलट्या, पैशांची जुळवाजुळव. तेव्हा नर्सबाईंनी स्वतःचे गुडघे सांभाळत किती वेळा जोगेश्वरी–विक्रोळी रस्ता कापला असता? काकूलाही ते ठाऊक असणार. तिनं तपासणीपुरतं ग्रुपाला निवडलं, आजारपणासाठी निवडलं असतं की नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. आमच्या घरात दुखऱ्या जागेवर एकदाच बोट ठेवायची रीत आहे.

ते पानावरून उठले, हात धुऊन आले, सुपारी कातरत बसले. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले:

काका: तुमचा जोडीदार कोण त्या यादीत?

काकू: बोरिवलीचे मास्तर. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नाही. माझी हजेरी आठ वाजून एक मिनिटानं गेली तरी फोन येतो.

काका: आणि तुमच्या नावापुढे तीन नंबर कुणाचे?

काकू: एक वॉचमन. एक समोरच्या ब्लॉकमधल्या कुलकर्णीबाई. तिसरा ह्यांच्या मित्राचा होता, ते मुलीकडे पुण्याला गेले. रिकामा आहे.

काका: रिकामा आहे आणि मी घाटकोपरात बसलोय!

काकू: तुम्ही फोन उचलता कुठे? साडेनवाला तुम्ही देवघरात. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

काका: देवघरात नेईन. घाला माझा नंबर.

काकू: घालते. पण मास्तरांचा फोन आला तर त्यांना आधी तुमचा गाव कुठला, म्हणून विचारायचं नाही.

काका: नाही विचारणार. आणि मला त्या ग्रुपात घेऊ नका. हजेरी-बिजेरी मी देणार नाही.

काकू: घेतच नाही. तुम्ही बोटीवर होता कुठे?

काका: आणि किल्ली? नंबर असून काय उपयोग, ह्या वयात माझ्यानं दार फुटणार आहे?

काकू: कुलकर्णीबाईंकडे आहे एक.

काका: त्या मे महिनाभर गावाला असतात. तेव्हा?

काकू: दुसरी करून ठेवते. स्टेशनाबाहेर किल्लीवाला बसतो. आज सणाचा नसेल.

काका: उद्या करा. मी परवा येऊन घेऊन जातो.